पिल्लांचे घर बदलताना घाई नको



ऊस विकास विभागाने कोंबड्यांवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. लागणीची नोंद, बेणे, खताची मात्रा आणि तोडणीचा क्रम, एवढेच आमच्याकडून ऐकण्याची आपल्याला सवय आहे. परंतु गटपाहणीसाठी आम्ही ज्या वस्तीवर जातो तिथे चहा होईपर्यंत ओसरीवर बसावेच लागते, आणि ओसरीवर बसले की नजर अंगणात जाते. अलीकडे पुष्कळ अंगणांत पिल्ले दिसू लागली आहेत. गिरिराज, वनराज, कावेरी, सातपुडा अशी नावे बायाबापड्यांच्या तोंडी बसली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण महिना-दीड महिन्याने त्याच वस्तीवर पुन्हा जावे, तर बऱ्याच ठिकाणी अंगण रिकामे. विचारले तर उत्तर ठरलेले. "काय सांगू साहेब, चांगली मोठी झाली होती. खुराड्यात टाकली आन् चार दिवसांत माना टाकल्या."

या 'मोठी झाली होती' बद्दलच आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत.

होते असे की, पहिले महिनाभर घरातील बाई त्या पिल्लांना तान्ह्या लेकरासारखे जपते. खोक्यात ठेवते, बल्ब लावते, रात्री दोनदा उठून पाहते. मग एक दिवस पिल्ले खोक्याबाहेर उड्या मारू लागतात, घरात घाण होते, वास सुटतो. तेव्हा घरधनी मनावर घेतात. पत्रा आणतात, जाळी आणतात, वेल्डरला बोलावून झोकात खुराडे उभे करतात आणि एका दुपारी पाट्या भरभरून पिल्ले त्यात ओततात. काम संपले! लहानपणी पिल्ले मरत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांचे मरण सहज टळले असते अशी पिल्ले बहुतेक या घरबदलाच्या आठवड्यात जातात. आमच्या मते पिल्ले हलवणे हे एका दुपारचे काम नाही, ते दहा दिवसांचे काम आहे. ज्याला दहा दिवस सवड नाही त्याने त्या महिन्यात पिल्ले हलवूच नयेत.

हे शहाणपण आम्हांला कोठून आले, ते आधी सांगितले पाहिजे. पदविकेच्या वर्गात कुक्कुटपालन हा विषय आम्हीही शिकलो होतो आणि पासही झालो होतो. तरीही आमच्याच घरी काय झाले ते ऐका.

चार वर्षांपूर्वीची, ऐन गाळप हंगामातली गोष्ट. आमच्या सौ.नी बचत गटातून पैसे उचलून साठ पिल्ले आणली होती. पाच आठवडे त्यांनी ती सांभाळली आणि त्यात फक्त तीन गेली. आम्ही रोज म्हणायचो, खुराडे करून देतो. अखेर एका रविवारी ते तयार झाले. अँगलचा सांगाडा, वर नवा पत्रा, तिन्ही बाजूंनी जाळी. आम्हांला त्याचा अभिमानच वाटत होता. संध्याकाळी वजनकाट्यावर जायचे होते म्हणून दुपारीच सत्तावन्न पिल्ले त्यात सोडली आणि आम्ही निघून गेलो. सौ. म्हणाल्या होत्या, "आजची रात्र बल्ब लावू या का?" आम्ही म्हणालो, "आता काय ती लहान आहेत?"

जानेवारी महिना होता. धुळे-जळगावची जानेवारीतली रात्र कशी असते हे वाचकांना सांगायला नको. गव्हाला ती मानवते, पण पोटाखाली अजून पिसे न भरलेल्या पिल्लाला मानवत नाही. पहाटे घरी आलो तेव्हा सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसलेली. वरची जिवंत, खालची गुदमरून गेलेली. एकोणीस मोजली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी मेलेली पिल्ले घमेल्यात भरली आणि खड्डा करून पुरली. आम्ही मात्र दिवसभर बोलत होतो. विकणाऱ्याने पिल्लेच कमजोर दिली, असा आमचा सूर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन पिल्ले फाडून पाहिली, रोगाचे चिन्ह नव्हते. पुढे आठ दिवसांत आणखी नऊ गेली. उरलेली सौ.नी विकून टाकली, आणि गटाचे हप्ते शिवणकामातून फेडले. त्यानंतर दोन वर्षे आमच्या अंगणात पीस दिसले नाही.

एकोणीस पिल्लांची किंमत फार नाही. पण ज्या बाईने पाच आठवडे रात्रीची झोप मोडली, तिचा हात एकदा मागे आला की तो पुन्हा पुढे येत नाही, हे आम्ही घरातच पाहिले. उसाचे पैसे सभासदाच्या खात्यात जमा होतात, ते हप्त्याने येतात आणि येण्याआधीच सोसायटीला वाटून गेलेले असतात. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात आठवड्याच्या बाजाराला येतात. मुलाची वही, चहापत्ती, माहेरी जाण्याचे एसटीचे भाडे यातून निघते. त्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून हा विषय आम्ही क्षुल्लक मानत नाही.

आता आमचे नेमके चुकले कोठे? ते आम्हांला उसाच्या रोपवाटिकेत उभे असताना उमजले. को 86032 ची एक डोळा रोपे आपण ट्रेमध्ये तयार करतो. शेडनेटखाली, ओलाव्यात, लाडात वाढलेली ती रोपे महिन्याची झाली की थेट सरीत नेऊन लावा असे आम्ही कधी सांगतो का? नाही. आधी चार-सहा दिवस ट्रे उघड्यावर काढा, पाणी बेताने द्या, रोप थोडे कणखर होऊ द्या. सरी आधी भिजवून घ्या, ऊन कलल्यावर लावा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी द्या. हे आमचे सभासद तोंडपाठ म्हणून दाखवतील. जो शेतकरी रोपाला इतका समजून घेतो तोच पिल्लाच्या बाबतीत उतावळा का व्हावा? आम्ही स्वतः झालो, म्हणून विचारतो.

त्या दुपारी आम्ही पिल्लांचे सारे जगच एकदम बदलले होते. जागा नवी, गादी नवी, भांडी नवी आणि रात्रीचा उजेड बंद. पिल्लू थंडीने जेवढे मरते त्याहून जास्त ते घाबरून मरते. अंधारात अनोळखी ठिकाणी ते जिथे दुसऱ्याचे अंग लागेल तिकडे सरकते. कोपरा सापडला की सगळी तिथेच घुसतात.

तापीकाठच्या एका वस्तीवर आमच्या एका सभासदांच्या मातोश्री आहेत. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण त्यांची पिल्ले मरत नाहीत. त्यांना आम्ही विचारले, तेव्हा हसून म्हणाल्या, "भाऊ, नवा घरमा माणूसले बी चार दिन करमत नई. ह्या त लेकरं शेतस." त्या काय करतात, तर जुन्या जागेतली दोन पाट्या कोरडी गादी नव्या खुराड्यात पसरतात, जुनीच भांडी आत ठेवतात आणि जुने डालगेही आत नेऊन उपडे घालतात. पिल्ले आपण होऊन त्या डालग्याशी जमतात. पुस्तकातली जी गोष्ट आम्ही परीक्षेपुरती पाठ केली, ती या बाईने स्वतःच्या अनुभवाने शोधून काढलेली. (जुन्या जागी रोग होऊन गेला असेल तर मात्र तिथली गादी घेऊ नये. ती जाळावी किंवा पुरावी.)

पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत आणायची असते. पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसे येतात, तेव्हा बाहेरची हवा त्याला सोसते. पण हे महिना मोजून ठरवू नये, पिल्लू हातात धरून पोट आणि मांड्या पाहाव्यात. उघडे कातडे दिसत असेल तर थांबावे. हलवण्यापूर्वी आठवडाभर आधी दिवसाचा बल्ब बंद करावा, शेवटी रात्रीचा. थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजते, कडेला पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडते, आणि सगळीकडे पांगून टिपत हिंडली तर ठीक चालले आहे असे समजावे.

हलवायची वेळ दिवेलागणीची. अंधार पडता पडता पिल्ले शांत असतात, हाती लागतात, फार धडपडत नाहीत. पाय धरून उलटी लटकवू नयेत आणि पोत्यात तर मुळीच भरू नयेत. हवा खेळती राहील अशा कॅरेटमध्ये थोडी थोडी न्यावीत. खुराड्याचे चारही कोपरे पुठ्ठे लावून गोल करून टाकावेत. दहा रुपयांचेही हे काम नाही, पण आमची ती एकोणीस पिल्ले बहुधा एवढ्यानेच वाचली असती. आत गेल्यावर आधी पाणी दाखवावे, दोन-चार पिल्लांच्या चोची बुडवाव्यात, बाकीची पाहून शिकतात. बाजारातून लांबून आणली असतील तर पहिले दोन-तीन तास गुळाचे पाणी द्यावे. ते दिवसभर ठेवू नये, आंबते. (साखर कारखान्याच्या अंकात गुळाची शिफारस केल्याबद्दल संचालक मंडळ क्षमा करील.) पहिल्या तीन-चार रात्री शून्य वॅटचा बल्ब लावावा. वीज जाते तिथे कंदील चालेल, पण गादीपासून दूर आणि पक्का टांगलेला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या रात्री निजण्यापूर्वी एकदा बॅटरी घेऊन जाऊन पाहावे. गठ्ठा दिसला तर हाताने अलगद मोडावा. वजनकाट्यावर जाणाऱ्याने ते काम दुसऱ्यावर सोपवून जावे.

लसीचा दिवस आणि हलवण्याचा दिवस एक करू नये. खाद्यही त्याच आठवड्यात बदलू नये. एका वेळी एकच बदल.

नंतर पाच ते सात दिवस दार उघडायचे नाही. हे घर आपले, हे पिल्लाच्या डोक्यात बसायला तेवढे दिवस लागतात. पहिल्यांदा बाहेर सोडायचे ते सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, पोट थोडे रिकामे असताना. दाणे आत टाकले की आपोआप परत फिरतात. सकाळी सोडली तर शेजारच्या उसात शिरतात आणि उसात मुंगूस, रानमांजर, कोल्हा वाट पाहत असतातच.

हंगामाचेही भान हवे. पुस्तकात थंडीचाच बाऊ केलेला असतो, पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा कोरा पत्रा म्हणजे तवा. अशा दिवसांत पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकून त्यावर पाणी मारावे, बाजूने ओले गोणपाट सोडावे. सुके पाचट पेट घेते, तेव्हा चुलीच्या ठिणगीपासून लांब. पावसाची झड लागलेली असताना हलवाहलव नकोच. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन थेट आत शिरत नाही. वाढत्या पक्ष्याला निदान एक चौरस फूट जागा लागते, हे पत्रा आणण्यापूर्वीच मोजावे.

आता ज्या मुद्द्यावर आमचे काही सभासदांशी जाहीर मतभेद आहेत, त्याकडे येतो. नवीन पिल्ले आणि जुन्या कोंबड्या एका खुराड्यात ठेवण्याला आमचा सक्त विरोध आहे. "मोठ्यांत टाकली की लवकर शिकतात," असे सांगितले जाते. शिकतात खरी, पण काय? उपाशी राहायला. मोठी कोंबडी चोचीने डोके फोडते, भांड्याजवळ फिरकू देत नाही. आणि टोचण्याहून वाईट ते न दिसणारे. मोठी कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पडत असतात. तिला ते पचलेले असतात, पिल्लाला पचत नाहीत. मानमोडीचेही तेच. पिल्लांना लासोटा दिली म्हणून निर्धास्त होऊ नये. साधारण आठव्या आठवड्याची आर-टू-बी लस झाल्याशिवाय ती मोकळ्या कोंबड्यांत सोडू नयेत. त्याआधी मध्ये जाळी लावून एकमेकांना नुसते पाहू द्यावे, आकार जुळत आला की एका रात्री अंधारात मिसळावीत. सकाळी उठून जुन्या कोंबड्यांना वाटते, ही कालपासून इथेच असतील. कोंबडीची स्मृती या बाबतीत आपल्या सोयीची आहे.

बाजारातून आणलेला पक्षी तर दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवावा. हे आम्ही उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. खानदेशाला याचा चटका बसलेला आहे. 2006 च्या फेब्रुवारीत देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लू पहिल्यांदा निश्चित झाला तो आपल्या शेजारी, नवापुरात. 1998 पर्यंत तो तालुका धुळे जिल्ह्यातच होता. तिथले मोठे फार्म होते, म्हणून आपण म्हणालो की हा व्यापाऱ्यांचा प्रश्न. पण महिन्याभरात, मार्चमध्ये, जळगाव जिल्ह्यातील हातेड, साळवा, मारूळ आणि सावदा या गावांची नावे आली. तिथे अंगणातल्याच कोंबड्या होत्या. ज्याच्या कोंबड्या आजारी त्याच्याच मारल्या असे झाले नाही. ठरावीक परिघातल्या सर्वांच्या गेल्या, धडधाकट होत्या त्याही. 2021 च्या फेब्रुवारीत नवापूरकरांनी पुन्हा तेच पाहिले. पक्षी, कॅरेट, गाडी, चपला, जे काही एका खुराड्यातून दुसऱ्यात जाते त्याबरोबर रोग जाऊ शकतो. म्हणून पिल्ले हलवणे ही एका घराची खासगी बाब राहत नाही. आणि एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते ओढ्यात फेकून न देता पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. लपवालपवीत शेजाऱ्याचा बळी जातो.

योजनांबद्दलही थोडे स्पष्ट लिहितो. पशुसंवर्धन खात्याकडून निम्म्या अनुदानावर दोन प्रकारचे गट वाटले जात आले आहेत. एक शंभर एकदिवसीय पिल्लांचा, दुसरा आठ-दहा आठवडे वयाच्या पंचवीस तलंगा आणि तीन नरांचा. शंभराचा आकडा ऐकून माणूस हरखतो. "तीस मेली तरी सत्तर राहतील," असा हिशेब ओसरीवर आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो हिशेब करणारा माणूस रात्री उठणारा नसतो, एवढेच आमचे निरीक्षण. ज्या घरात पूर्वी पिल्ले सांभाळलेली नाहीत त्यांनी तलंगांचा गट मागावा. संख्या कमी, पण नाजूक वय ओलांडलेले. घरबदल त्यांनाही सोसावा लागतो, मात्र एकदाच. आणि कोणताही गट घ्या, खुराडे उभे राहून, चुना मारून, वाळून तयार झाल्याशिवाय अर्जावर सही करू नका. वाटपाच्या दिवशी तालुक्याच्या गावी टेम्पोत पिल्ले चढवताना घरी फोन करून "जागा कर" म्हणणारे सभासद आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

खुराड्याची जागाही घरातील बाईला विचारून ठरवावी. पाणी तिला वाहायचे आहे, रात्री कुत्रे भुंकले की उठायचे तिला आहे. बांधावर, घरापासून दोनशे पावलांवर झोकदार खुराडे बांधणाऱ्याला ते रस्त्यावरून दिसावे असे वाटत असते. आमचेही तसेच होते.

गादीसाठी कारखान्याच्या बगॅसबद्दल वारंवार विचारणा होते. बगॅस चालते, पण गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. तशीच ओली पसरली तर तिला बुरशी धरते आणि ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते. चांगली खडखडीत वाळवून, धूळ झटकून, दोन-तीन इंच थर द्यावा आणि दोन दिवसांआड खालीवर करावा. भुईमुगाची टरफले मिळत असतील तर ती अधिक चांगली. वापरलेली गादी उसाला उत्तम, फक्त ती ढीग लावून कुजवल्यावर द्यावी. ताजी दिली तर कोवळ्या रोपाची मुळे भाजतात.

आमच्या घरी या पावसाळ्यानंतर पुन्हा चाळीस पिल्ले आली आहेत. सौ.नीच मनावर घेतले. खुराडे तेच, अँगलचे, पण आता ते स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आणून ठेवले आहे. कोपऱ्यांना पुठ्ठे लागले आहेत आणि गेल्या सोमवारपासून दिवसाचा बल्ब बंद आहे. येत्या गुरुवारी दिवेलागणीला पिल्ले हलवायची ठरले आहे. आम्ही रजा टाकतो म्हणालो, तर सौ. म्हणाल्या, "तुम्ही गटपाहणीला जा. रात्री बॅटरी घेऊन या म्हणजे झाले."

— ऊस विकास अधिकारी